घरे निववणारे हात

उन्हाळा आला की आपल्याकडे दरवर्षी दोन चर्चा ठरल्याप्रमाणे सुरू होतात. एक विजेच्या मागणीने गाठलेल्या उच्चांकाची आणि दुसरी उष्माघाताच्या बळींची. पहिलीची चिंता ऊर्जा खाते वाहते, दुसरीची आरोग्य खाते. परंतु ही दोन्ही संकटे ज्या एका जागी एकमेकांना भेटतात त्या जागेकडे, म्हणजे सामान्य माणसाच्या राहत्या घराच्या छपराकडे आणि भिंतींकडे, पाहण्याची जबाबदारी कोणत्याच खात्याने स्वतःची मानलेली नाही. आणि ते छप्पर ज्यांच्या हातांनी सुधारायचे, त्या गवंड्याचे, बिगाऱ्याचे, रंगाऱ्याचे आणि पत्रे ठोकणाऱ्या कारागिराचे नाव तर दोहोंपैकी एकाही चर्चेत निघत नाही. उभ्या असलेल्या घरांतील ऊर्जेची नासाडी थांबवणे हा प्रश्न आजवर यंत्रांचा, दिव्यांचा आणि तारांकित लेबलांचा मानला गेला. आमच्या मते तो प्रथमतः श्रमाचा प्रश्न आहे, आणि बांधकाम कामगाराच्या प्रश्नापासून तोडून तो सोडवू पाहणाऱ्यांच्या पदरी अपयशच येईल. अन्य देशांत ते आलेलेही आहे.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्याखाली इमारतींसाठी पहिली संहिता २००७ मध्ये आली, ती मोठ्या व्यापारी इमारतींपुरती. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ निघायला २०१८ चा डिसेंबर उजाडावा लागला, आणि निवासी इमारतींना कायद्याच्या कक्षेत आणणारी दुरुस्ती २०२२ मध्ये संमत झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु २०१८ च्या संहितेचा रोख ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर व्हावयाच्या नव्या बांधकामावर होता. भिंतीतून किती उष्णता आत यावी, छप्पर किती रोधक असावे, खिडक्या किती असाव्यात, हे सारे ज्या घराचा पाया अजून खणला गेलेला नाही त्याच्यासाठी ठरले. ज्या घरांत माणसे आज घामाने निथळत आहेत ती घरे संहितेच्या बाहेर राहिली. मुंबईतील दुरुस्ती मंडळाचा कायदा १९६९ साली झाला तेव्हा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी हजारो इमारती आजही उभ्या आहेत आणि त्यांत संसार चालू आहेत. घर एकदा बांधले की पन्नास वर्षे उभे राहते. म्हणून केवळ नव्या घरांकडे पाहणारे ऊर्जाधोरण पुढच्या पिढीला वचन देते आणि आजच्या पिढीला वाऱ्यावर सोडते.

आता ह्या घरांत नेमके काय घडते ते पाहू. महाराष्ट्राच्या अक्षांशावर मे महिन्यात सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो. मुंबईत तो मेच्या मध्यास आणि नागपुरात त्या महिन्याच्या अखेरीस माथ्यावर असतो. म्हणजे घराच्या सर्व अंगांपैकी छपरावर उन्हाचा मारा सर्वांत अधिक. काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर ही उष्णता पितो आणि रात्री ती खाली, झोपलेल्या माणसांवर ओकतो. पत्रा तर तापायला वेळच घेत नाही. वर फिरणारा पंखा हीच तापलेली हवा अंगावर ढकलत राहतो. वीज खर्ची पडते, बिल येते, गारवा मात्र येत नाही.

ज्याच्यापाशी पैसा आहे तो वातानुकूलन यंत्र घेतो. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा जो राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला, त्यात अशी यंत्रे असलेल्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ८ टक्के सांगितले होते. हे प्रमाण वाढत जाणार ह्यात शंका नाही. परंतु यंत्र खोलीतील उष्णता नाहीशी करीत नाही, ती गल्लीत फेकते. एका घराचा गारवा हा शेजारच्या खोपटाचा उकाडा होतो. ज्या समाजात ऊब आणि गारवादेखील विकत घ्यावे लागतात, त्या समाजात उन्हाळाही वर्ग पाहूनच येतो, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

वस्तुतः उपाय दुर्मिळ नाहीत. छपरावर चुन्याचा किंवा उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात, गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरसबंदी, पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून बसवलेले दुसरे छत, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किंवा बाहेरून पडदी, गरम हवा निघून जाण्यासाठी भिंतीत उंचावर झरोका, आणि गिलाव्याच्या भेगांची दुरुस्ती. ह्यांतल्या एकाही गोष्टीला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. नुसत्या पांढऱ्या छपराने घरातील तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते, असा निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयोगांचा निष्कर्ष आहे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ मध्ये पांढऱ्या छपरांचा कार्यक्रम हाती घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये ह्या विषयाचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले आणि पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छपरांचे लक्ष्य ठेवले. मार्ग अज्ञात आहे, असे आता कोणालाही म्हणता येणार नाही.

मग तो मार्ग रुंद का होत नाही? ह्याचे उत्तर एका यशस्वी योजनेकडे पाहिले तर सापडते. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. मोठ्या खरेदीमुळे दिव्याचा सरकारी खरेदीदर तीनशे रुपयांवरून चाळीस रुपयांच्या आत आला. हे यश खरे आहे. परंतु दिव्यात जे काही श्रम असतात ते कारखान्यातच संपलेले असतात. खोक्यात बंद झालेला दिवा कोणीही आणावा आणि लावावा. छपराचे तसे नाही. ते खोक्यात येत नाही. त्यासाठी माणसाला शिडी लावून वर चढावे लागते, ते झाडावे, धुवावे, भेगा भराव्या, उतार पाहावा आणि मग हात मारावा लागतो. एक छप्पर दुसऱ्यासारखे नसते. येथे ऊर्जेची बचत विकत मिळत नाही, ती जागेवर घडवावी लागते, आणि घडवणारा असतो कारागीर. बाजाराला वस्तू विकता येते. गवंड्याची पारख बाजाराला विकत घेता येते, निर्माण करता येत नाही. म्हणूनच, जेथे विकायला वस्तू आहे तेथे योजनाही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरगुती सौरऊर्जेसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची योजना आली. त्या पॅनेलखालचा स्लॅब निववण्यासाठी त्या तोलाची एकही योजना नाही. २०१९ च्या शीतकरण आराखड्याने यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते योग्यच होते. परंतु यंत्राची गरजच कमी करू शकणाऱ्या गवंड्यासाठी असा आकडा त्या उद्दिष्टांत नव्हता.

कारागिराला वगळून केवळ पैसा ओतला तर काय होते, हे ऑस्ट्रेलियाने पाहिले आहे. २००८ च्या जागतिक मंदीवर उतारा म्हणून तेथील सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये लाखो घरांच्या छताखाली उष्णतारोधक थर फुकट बसवून देण्याची योजना जाहीर केली. हेतू दुहेरी आणि चांगला होता. घरांची ऊर्जा वाचेल आणि बेकारांना काम मिळेल. परंतु काम झटपट उरकण्याच्या घाईत, प्रत्यक्ष छतात शिरणाऱ्या प्रत्येक कामगाराला प्रशिक्षण हवे ही अट सैल झाली. देखरेख करणारा प्रशिक्षित असला की पुरे, असे ठरले. रातोरात ठेकेदार उगवले. अकरा लाखांहून अधिक घरांत काम झाले, दोनशेहून अधिक घरांना आगी लागल्या, आणि चार तरुण कामगार मृत्युमुखी पडले. तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक छताखालील असह्य उष्म्याने. त्यांतील एक तर अद्याप सज्ञानही झाला नव्हता. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना गुंडाळावी लागली. २०१४ च्या चौकशी आयोगाने हे मृत्यू टाळता येण्यासारखे होते, असाच निर्वाळा दिला. घर थंड करण्यासाठी वर गेलेला मुलगा उष्म्याने मरतो, ह्याहून कठोर टीका त्या धोरणावर कोणी लिहू शकणार नाही.

ब्रिटनची कथा वेगळी, परंतु तिचे मूळ तेच. तेथे २०१३ मध्ये ‘ग्रीन डील’ ह्या नावाने घरमालकांना कर्ज काढून घर सुधारण्यास सांगण्यात आले. हप्ता विजेच्या बिलातून वळता व्हावयाचा होता. बाजारच सारे करील, ही श्रद्धा होती. व्याज चढे, कागदपत्रे किचकट. जेमतेम चौदा हजारांच्या आसपास कर्जे झाली आणि जुलै २०१५ मध्ये सरकारने पैसा थांबवला. त्यानंतर वीज-कंपन्यांवर बंधन घालून गरीब घरांसाठी योजना चालवण्यात आल्या. त्यांचे काय झाले? राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा ऑक्टोबर २०२५ चा अहवाल सांगतो की, भिंतींवर बाहेरून उष्णतारोधक थर बसवलेल्या घरांपैकी सुमारे ९८ टक्के, म्हणजे बावीस ते तेवीस हजार घरांचे काम सदोष निघाले आणि ते दुरुस्त करणे भाग आहे. ओल, बुरशी आणि पडझड गरिबांच्या घरात आली. कारणांमध्ये अपुरे कौशल्य आणि नोंद नसलेल्या माणसांना पोटठेक्याने दिलेले काम ही ठळक होती. वरचा ठेकेदार प्रमाणपत्र मिरवतो, मधला दलाली खातो आणि भिंतीपाशी उभा राहतो तो सर्वांत कमी मजुरीचा, सर्वांत कमी शिकवलेला माणूस. श्रीमंत देशांत जे झाले ते आपल्याकडे होणार नाही असे मानण्यास कोणता आधार आहे? पोटठेक्याची प्रथा आपल्याकडे त्यांच्याहून जुनी आणि खोल आहे.

आपल्याकडील हा कामगार कोण आहे? मुंबईत तो नाक्यावर उभा असतो, पुण्यात मजूर अड्ड्यावर, नागपुरात ठिय्यावर. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून तो आलेला असतो. वडार, बेलदार अशा जातींनी पिढ्यान्‌पिढ्या दगडमाती वाहिली आणि आजही त्यांची मुले बिगारीतच आहेत. त्याच्याबरोबर बाई असते. विदर्भात तिला रेजा म्हणतात. डोक्यावरून माल वाहणे तिच्या वाट्याला येते, थापी तिच्या हाती क्वचितच दिली जाते आणि मजुरी पुरुषाहून कमी मिळते. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला होता. तो नाक्यावर कधी पोहोचलाच नाही.

कायद्याने ह्या माणसाला कसे वगळले आहे ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने दुरुस्ती आणि देखभाल ह्यांनाही बांधकामच मानले होते. परंतु दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच तो लागू होता, आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम त्यातून सुटत होते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितांनी दहा कामगारांची अट कायम ठेवली आणि दहा लाखांची सूट पन्नास लाखांवर नेली. राहत्या घराच्या दुरुस्तीला दहा कामगार कधी लागतात? आणि गच्चीचा कोबा किंवा पत्र्याखालचे छत पन्नास लाखांचे कधी होते? म्हणजे ज्या कामाविषयी आम्ही बोलत आहोत ते जवळजवळ सगळेच सुरक्षेच्या आणि उपकराच्या कक्षेबाहेर पडले. उरली कल्याणकारी मंडळातील वैयक्तिक नोंदणी. तिच्यासाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. जो आज एका घरी भेग भरतो, उद्या दुसरीकडे पत्र्याला डांबर लावतो आणि परवा रिकामा बसतो, त्याला हा दाखला कोणी द्यावा? मोठ्या बांधकामांच्या उपकरातून हजारो कोटी रुपये जमा होतात आणि पडून राहतात, ह्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात सरकारांची कानउघाडणी केली होती. निधी आहे, कामगार आहे, दोघांची गाठ मात्र पडत नाही.

अशा स्थितीत घरांच्या सुधारणेची मोठी योजना उद्या आली, तर तिचे फलित सांगायला ज्योतिषी नको. पत्र्यावर चढलेला माणूस घसरेल. सिमेंटचे जुने पत्रे कापताना ॲस्बेस्टॉसची धूळ त्याच्या छातीत जाईल. स्वस्तात मिळते म्हणून थर्मोकोल उघड्या तारांशेजारी ठोकला जाईल आणि वस्तीला आग लागेल. पहिल्या पावसात रंगाचे पोपडे निघतील आणि लोक म्हणतील, सरकारी काम ते असेच! दोष योजनेचा, बदनामी गवंड्याची.

म्हणून आमची मागणी अशी की, जुन्या घरांचा कार्यक्रम कामगाराच्या बाजूने रचला जावा. महाराष्ट्राला ह्याचा पूर्वानुभव नाही असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळजवळ आठ हजार माणसे गेली, ती मुख्यत्वे दगडमातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदांखाली. उन्हाळ्यात गार राहणारे माळवद त्या पहाटे काळ ठरले. त्यामुळे जुने ते सोने म्हणून मातीच्या छपराची आरती ओवाळणाऱ्यांपैकी आम्ही नाही. लोक भयाने पत्र्याकडे आणि स्लॅबकडे वळले, ह्यात त्यांची चूक नव्हती. परंतु त्याच पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली जात असताना, सुमारे दोन लाख उभ्या घरांच्या दुरुस्तीचा आणि बळकटीकरणाचा कार्यक्रमही चालला. पैसा कुटुंबाच्या हाती टप्प्याटप्प्याने गेला, गावोगावच्या गवंड्यांना नवी रीत शिकवली गेली, आणि माहिती पोचवण्याच्या व देखरेखीच्या कामात बायकांचे गट उतरले. उणिवा पुष्कळ राहिल्या. तरीही उभी घरे, राहत्या माणसांसह, स्थानिक कारागिराकडून सुधारून घेता येतात, हे ह्याच राज्याने दाखवून दिले. भूकंप एका पहाटे येतो म्हणून सरकार हलते. उष्मा दरवर्षी येतो आणि एकेकाला गाठून मारतो म्हणून ते हलू नये काय?

पहिली गोष्ट प्रशिक्षणाची. ते नाक्यावर जाऊन द्यावे, आणि त्या दिवसांची पूर्ण मजुरी देऊन द्यावे. रोजंदारीवरचा माणूस बिनपगारी वर्गात बसू शकत नाही. त्यात रेजांसाठी निम्म्या जागा असाव्यात, म्हणजे डोक्यावरचे घमेले उतरून हाती थापी येईल. उंचीवर चढण्याची सुरक्षा, विजेच्या तारांची ओळख, ॲस्बेस्टॉसपासून बचाव आणि दुपारी बारानंतर छपरावर काम नाही हा नियम, ही ह्या शिक्षणाची बाराखडी असावी.

दुसरी गोष्ट नोंदणीची. आपल्या राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून देशाला एक वाट दाखवली. मालक अनेक, काम तुटक, कामगार एक, अशा स्थितीत मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावी, मंडळाने कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार द्यावेत, ही ती रीत. हमालांच्या संघटनांनी लढून ती मिळवली. घरदुरुस्तीचा कामगार हमालाइतकाच विखुरलेला आहे. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक घरदुरुस्तीची मजुरी अशा मंडळामार्फतच दिली जावी आणि मंडळाची नोंद हाच नव्वद दिवसांचा दाखला मानावा. पोटठेक्याला तेथे थाराच नसावा.

तिसरी गोष्ट कामाच्या क्रमाची. प्रारंभ पत्र्याच्या घरांपासून, अंगणवाड्यांपासून, जिल्हा परिषदेच्या शाळांपासून आणि म्हाडाच्या चाळींपासून व्हावा. मुंबईतील दुरुस्ती मंडळ टेकू लावते आणि गळती बुजवते, तेव्हाच छपराचा उष्मारोधही करणे हे वेगळे काम नसून त्याच कामाचा विस्तार आहे. मात्र जेथे घर भाड्याचे आहे तेथे सरकारी पैशाने झालेल्या सुधारणेच्या नावावर भाडे वाढवता येणार नाही, अशी अट घातली पाहिजे. नाही तर भाडेकरूच्या नावाने आलेला गारवा मालकाच्या गल्ल्यात जमा होईल.

चौथी गोष्ट, हे काम घ्यावे कोणी? आमच्या मते कामगारांच्या सहकारी संस्थांनी. छोटी सरकारी कामे मजूर सहकारी संस्थांना राखून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. परंतु त्यांतील कित्येक संस्थांत मजूर कागदावर आणि ठेकेदार खुर्चीवर, अशी अवस्था झाली, हे कटू सत्य लपवून चालणार नाही. त्यावर सहकार मोडीत काढणे हा उपाय नव्हे. केरळातील उरळुंगल मजूर सहकारी संस्था १९२५ मध्ये वाग्भटानंदांच्या प्रेरणेने स्थापन झाली आणि आज शंभरी ओलांडून रस्ते, पूल, इमारती बांधत आहे. कामगारच सभासद असतील तर सहकार टिकतो, हा तिचा धडा आहे.

काही आक्षेप येतील. पहिला नेहमीचा, पैसा कोठून आणावयाचा? १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी १९७५ मध्ये शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. शहराने खेड्याच्या कामाच्या हक्कासाठी भार उचलला. आज मोठ्या वातानुकूलित इमारतींच्या वीजवापरावर अधिभार बसवून वस्त्यांची छपरे का निववता येऊ नयेत? जो गल्ली तापवतो त्याने गल्ली निववण्याचा खर्च द्यावा, हा साधा न्याय आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याण निधीला मात्र ह्यासाठी हात लावता कामा नये. तो कामगाराच्या आजारपणाचा आणि म्हातारपणाचा पैसा आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. गरिबाच्या घरी एक पंखा आणि दोन दिवे, तेथे वीज वाचणार ती किती? बचत मोजायची मीटरवर, आणि मीटर तर हलतच नाही! आमचे उत्तर असे की, ज्या घरात वीज नाइलाजाने वापरली जात नाही तेथे मीटर हे मोजमापच खोटे आहे. तेथील बचत माणसाच्या झोपेत दिसते, तान्ह्या मुलाच्या अंगावरील घामोळ्यांत दिसते, दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकणाऱ्या शरीरात दिसते. शिवाय आज निववलेले घर उद्या यंत्र विकत घेण्याच्या सक्तीतून सुटते, आणि ती वाचलेली वीज पुढच्या वीस वर्षांची असते.

तिसरा आक्षेप, चुना पावसाळ्यात धुऊन जातो. जातो, हे खरे. कोकणात दरसाल मृगाआधी घर शाकारतात. कौले उतरतात, फुटकी बदलतात, पुन्हा लावतात. त्याला कोणी उधळपट्टी म्हटले नाही, कारण ती घराची रीत होती आणि शाकारणाऱ्याची हक्काची मजुरी होती. छपराला दरवर्षी होळीनंतर चुना देणे ही तशीच रीत व्हावी. जे काम दरवर्षी निघते त्यावर माणसाला संसार उभा करता येतो. स्वयंसेवकांनी एखाद्या रविवारी चार छपरे रंगवली तर लोकांचे लक्ष वेधले जाते, आणि तेवढ्यापुरते ते स्तुत्य आहे. परंतु लाखो छपरांचे काम हौशी हातांनी होत नसते. त्याला धंदा लागतो आणि धंद्याला दाम लागतो.

कार्यकर्त्यांकडून आमची अपेक्षा स्पष्ट आहे. आपल्या गावातील नाक्यावर किती गवंडी, किती बिगारी, किती बायका उभ्या राहतात ह्याची मोजदाद करा. त्यांतील किती जणांची मंडळात नोंदणी आहे ते पाहा आणि नव्वद दिवसांच्या दाखल्यासाठी ग्रामसेवकाच्या व पालिकेच्या दारात त्यांच्याबरोबर उभे राहा. वस्तीतील पत्र्याच्या घरांची यादी करा. आपल्या नगरपालिकेचा उष्णता आराखडा असेल तर त्यात छपरांसाठी किती रुपये आहेत आणि मजुरीसाठी किती, हे सभेत विचारा. घरात राहणारा आणि घर दुरुस्त करणारा ह्या दोघांना एका मोर्चात आणा. बहुधा ती एकाच वस्तीतली माणसे निघतील. ज्याने शहरभर इतरांच्या गच्च्यांवर कोबा घातला, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर तापलेला पत्रा आहे. तो पत्रा निववण्याचे काम त्यालाच, पुऱ्या दामाने आणि सुरक्षितपणे मिळाले पाहिजे. ऊर्जेच्या प्रश्नावर आमचा आग्रह तेथून सुरू होतो.